पेरू, मिरची आणि एक छोटा पेग : घरचं तिखट कॉकटेल कसं जमतं

स्वयंपाकघरातल्या विज्ञानावर बोलताना आतापर्यंत आपण विरजण पाहिलं, लोणचं पाहिलं, पुरण का फाटतं तेही पाहिलं. आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी भुवया उंचावल्या, काहींनी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या धरल्या. दोन्ही गटांचं स्वागत. विषय आहे फळांचं तिखट कॉकटेल, घरच्या घरी. यात दारू आहे, म्हणून पहिल्यांदाच सांगून ठेवतो की ज्यांना ती नको आहे त्यांच्यासाठीचा ग्लास आज शेवटी उरलेला, बिचारा ग्लास नसेल. त्यालाही तितकंच डोकं लावावं लागतं, किंबहुना थोडं जास्तच. का, ते पुढे येईल.

सुरुवात मीरा-भाईंदरपासूनच करू. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसमध्ये बसलात की मिठागरं मागे पडतात, इमारती विरळ होतात, डोंगरीच्या पुढे उत्तन, चौक, आणि खाडीपलीकडे वसई. या सगळ्या पट्ट्याचा आणि आपल्या ग्लासचा संबंध आहे. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं ती घेतली. वसईच्या आधी धारावीचा किल्ला घ्यावा लागला. हा धारावी म्हणजे मुंबईतली धारावी नव्हे, तर आपल्या चौक गावाजवळचा डोंगर. मधली दोनशे वर्षं या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते, आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली झाडं आपल्याकडे आली. पेरू, अननस, पपई, काजू. ही नावंसुद्धा त्याच वाटेनं आलेली आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे मिरची. मिरचीआधी आपलं तिखट मिऱ्याचं, सुंठीचं, पिंपळीचं होतं. म्हणजे गाडीवर पेरू चिरून तिखट-मीठ लावून देणारा जो माणूस आपल्याला अस्सल देशी वाटतो, त्याच्या हातात मीठ सोडलं तर दोन्ही वस्तू अमेरिकेच्या. मीठ मात्र भाईंदरचं असू शकतं.

आता उलटा प्रवास बघा. इंग्रजीत ‘पंच’ नावाचं पेय आहे. मोठ्या भांड्यात दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र करायचा. हे पेय सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी इथून उचललं, आणि त्याचं नाव आपल्या ‘पाच’वरून पडलं असं साधारणपणे मानतात. पाच जिनसा, म्हणून पंच. ‘कॉकटेल’ या शब्दाची छापील व्याख्या त्यानंतर दीड-पावणेदोनशे वर्षांनी, १८०६मध्ये, अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात सापडते. तेव्हा हे काहीतरी परकं, हॉटेलातलं, आपल्याला न जमणारं प्रकरण आहे असं मनात असेल तर ते काढून टाका. उत्तन-गोराई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या वेळी खिमाड करतात. दारू, साखर, लवंग, दालचिनी यांचं ते मसालेदार पेय. गोव्यात उन्हाळ्यात उर्राक निघते. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, दुसरं म्हणजे फेणी. उर्राक सौम्य, साधारण पंधरा टक्क्यांची, आणि मार्च ते मेपुरती. ती पिण्याची रीत ठरलेली आहे. लिंबाचं सोडायुक्त थंड पेय, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची. कोणत्याही बारटेंडरनं शिकवलेलं नाही, पण त्यात सगळं बरोबर आहे. आज आपण जो ग्लास करणार आहोत तो याचाच चुलतभाऊ, फक्त पेरूचा.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगतो. गोव्याहून येताना बाटल्या पिशवीत घालून आणायचा मोह होतो. परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि सीमेवर तपासणी होते. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्याच कायद्याखाली दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, जो बहुतेकांकडे नसतो. बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर पूर्ण बंदी आहे. हे ऐकून सभागृहात हसू आलं, ते साहजिक आहे, पण तेवीस वर्षांच्या भाच्याच्या हातात पेग देणाऱ्या मामाला हे माहीत असावं.

आता पेरू. बाजारातल्या डब्यातला रस वापरला तरी चालतं, पण त्यात साखर इतकी असते की लिंबू-मिठाला जागा उरत नाही. घरी करा. अर्धा किलो पूर्ण पिकलेले, वास सुटलेले पेरू घ्या. गुलाबी गर मिळाला तर रंग सुरेख येतो. पांढऱ्या गराचा सरदार पेरूही उत्तम. ही जात पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात निवडलेली आहे, ‘लखनौ-४९’ हे तिचं दुसरं नाव, त्यामुळे ती उत्तरेची असल्याचा गैरसमज होतो. फोडी करून वाटीभर पाण्यात झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं शिजवा, घोटा आणि पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. बिया वर राहतील. मिक्सरमध्ये कच्चाच फिरवलात तर बिया फुटून रस खरखरीत आणि तुरट होतो. साधारण दोन वाट्या दाट गर निघतो. त्यात वाटीभर थंड पाणी मिसळा, म्हणजे पाच ग्लासांची सोय झाली.

शिजवताना साखर घालायची नाही, हे लक्षात ठेवा. पेरूत पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन, साखर आणि आंबट एकत्र उकळलं की ते जमतं. गोव्यातल्या नाताळातली पेराद म्हणजे पेरूची वडी, ती याच गुणावर उभी आहे. आपल्याला वडी ग्लासात नको आहे. म्हणून पाक वेगळा, शंभर ग्रॅम साखर आणि शंभर मिलिलिटर पाणी, विरघळेपर्यंत गरम करायचं, बस. गूळ चालेल का? चवीला छान लागतो, पण गुलाबी रंगाचा मातकट होतो. कैरीच्या ग्लासाला गूळच, पेरूला साखर, असं आमचं मत.

मिरचीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. ते बियांत असतं असं आपण म्हणतो, पण ते तयार होतं बिया ज्या पांढऱ्या शिरेला लागलेल्या असतात त्या शिरेत. बियांना ते नुसतं लागतं. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात विरघळतं, तुपात विरघळतं, आणि दारूत विरघळतं. जीभ भाजली की पाणी पिऊन उपयोग होत नाही आणि दूध-ताकानं आराम पडतो, त्याचं कारण हेच आहे. दुधातलं स्निग्ध आणि केसीन त्याला उचलून नेतं.

आता हे कॉकटेलला लावून बघा. चिरलेली मिरची पेरूच्या रसात अर्धा तास ठेवलीत तर मिरचीचा हिरवा, ताजा वास येईल, तिखट मात्र बेताचं. तीच मिरची दारूत अर्धा तास ठेवलीत तर तिखट भरभर उतरेल. रात्रभर विसरलात तर सकाळी ती बाटली पिण्याजोगी उरणार नाही, फार तर थेंब-थेंब वापरावी लागेल. म्हणून कृती अशी. क्वार्टरभर म्हणजे १८० मिलिलिटर व्होडका, पांढरी रम किंवा मिळाली तर फेणी स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या. साधी हिरवी मिरची असेल तर एक, मधोमध चिरून, लवंगी असेल तर अर्धी. पंधरा मिनिटांनी त्यातले चार-पाच थेंब चमचाभर पाण्यात टाकून चाखा. मग दर पाच मिनिटांनी. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मिरची बाहेर काढावी लागते. एकदा उतरलेलं तिखट परत मिरचीत जात नाही. जास्त झालंच तर त्यात साधी दारू मिसळून पातळ करा, पण ग्लासातलं मोजमाप वाढवून नव्हे. आणि हात. मिरची चिरल्यावर आधी तेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं धुतलेला हात डोळ्याला लागला की कॅप्सेसिनचा धडा कायमचा पाठ होतो.

तिखट ही चव नाही, ही गोष्ट पुष्कळांना नवीन वाटते. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या रांगेत ते बसत नाही. जिभेवर उष्णता आणि वेदना ओळखणारा एक ग्राहक असतो, टीआरपीव्ही-१ नावाचा. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की तो मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप धाडतो. कॅप्सेसिन त्याच ग्राहकाला चिकटतं आणि काही गरम नसताना तोच निरोप जातो. १९९७मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं हा ग्राहक शोधला आणि २०२१चं वैद्यकाचं नोबेल त्यांना अर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की दारूसुद्धा याच ग्राहकावर काम करते. ती त्याचा उंबरठा खाली आणते, ४२-४३ अंशांवरून सुमारे ३४ अंशांपर्यंत. म्हणजे शरीराची नेहमीची ऊबही त्याला भाजल्यासारखी वाटू लागते. नीट दारू घशात जळते ती म्हणून. आणि दारू व मिरची एकत्र आली की एकाच दारावर दोघं धक्के मारतात.

बर्फ याच्या उलट वागतो. थंडाव्यानं हा ग्राहक शांत होतो, त्यामुळे बर्फाळ ग्लासाचा पहिला घोट सौम्य लागतो. पाच मिनिटांनी तोंड गरम झालं की तिखट वर येतं. म्हणून चव घेताना घाई करू नका. थंडीनं गोडही दबतं. खोलीच्या तापमानाला मिश्रण किंचित जास्त गोड लागलं तर बर्फात ते बरोबर बसतं. आमरस फ्रीजमधून काढल्यावर कमी गोड लागतो, हे आपल्याला घरोघरी माहीत आहेच.

ग्लासभर जमवू. पेरूचा पातळ केलेला गर ९० मिलिलिटर, लिंबाचा रस २०, पाक १५, मिरचीची दारू ३०. चिमूटभर मीठ. मीठ खारट लागण्यासाठी नाही, ते पेरूचा तुरटपणा आणि दारूचा कडवटपणा दाबतं आणि गोड पुढे आणतं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, पाच-सहा बर्फाचे खडे टाका, झाकण टॉवेलनं धरून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. डबा बाहेरून घामेजला की झालं. सोडा घालायचा असेल तर नंतर ग्लासात. डब्यात सोडा घालून हलवणाऱ्यांनी स्वतःच छत पुसावं.

ग्लासाच्या कडेला लिंबू फिरवून तिखट-मिठात बुडवतात. इथे ईस्ट इंडियन बॉटल मसाला वापरून बघा. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-तीस जिनसा वाळवून, भाजून, कुटून तो केला जातो आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून नाव बॉटल मसाला. गडद काचेत उजेड शिरत नाही, रंग-वास टिकतो. एक भाग मसाला, दोन भाग बारीक केलेलं खडेमीठ, आणि फक्त अर्ध्या कडेला. ज्याला नको त्यानं दुसऱ्या बाजूनं प्यावं.

फळ बदललं की हिशेब बदलतो. कैरीच्या उकडलेल्या गराला लिंबू लागत नाही, तीच आंबट असते. पन्ह्याचा गर, गूळ, वेलदोडा, मिरची हे तयार कॉकटेलच आहे, दारू पाहुणी म्हणून येते. अननसाच्या चकत्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डागून मग रस काढा. त्यानं वास खुलतो, आणि कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर उष्णतेनं निकामी होतं. ज्यांना अननसाबरोबर दुधाचा पदार्थ घालायचा आहे त्यांनी हे करायलाच हवं, नाहीतर मिश्रण कडू होतं. नारळाचं दूध तिखट छान मवाळ करतं, कारण त्यात तेल आहे. ते मात्र शेवटी घाला. लिंबाच्या रसात थेट ओतलं की फाटतं.

मघाशी मागच्या रांगेतून प्रश्न आला की तीसच मिलिलिटर का, एवढ्यानं काय होतं? आकडा मांडू. आपल्याकडच्या दारूत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. तीस मिलिलिटरमध्ये जवळपास तेरा मिलिलिटर, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. साठ किलोच्या पुरुषानं ते रिकाम्या पोटी घेतलं तर रक्तात दर १०० मिलिलिटरला साधारण २५ मिलिग्रॅम अल्कोहोल येतं. तेवढ्याच वजनाच्या बाईच्या रक्तात तीसच्या आसपास. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका छोट्या पेगनंच आपण त्या रेषेपाशी उभे असतो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निकाली काढतं, आणि लिंबू, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांतलं काहीही तो वेग वाढवत नाही. तीसच्या जागी साठ घातलं तर पेरू, साखर आणि मिरची मिळून ते इतकं बेमालूम लपवतात की पाहुण्याला कळतच नाही. साध्या पेगमध्ये माणूस जळजळीवरून अंदाज घेतो. इथे जळजळ मिरचीच्या नावावर खपते. त्यामुळे मोजमाप हे यजमानाचं काम आहे, आणि किती घातलंय ते तोंडानं सांगणंही. रात्री घोडबंदर रस्त्यानं ठाण्याला परत जाणारा पाहुणा असेल तर त्याच्या ग्लासात शून्य. गर्भवती, मधुमेहाची किंवा झोपेची औषधं घेणारे, यकृताचा त्रास असलेले, यांनाही शून्य. आग्रह करण्याची आपली पद्धत जेवणाच्या पंगतीत शोभते, इथे नाही.

त्याहून गंभीर बाब. ‘घरगुती’ या शब्दाचं आपल्याला प्रेम आहे, घरगुती पापड, घरगुती मसाला. दारूच्या बाबतीत ते प्रेम जिवावर बेततं. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. उत्तनच्या दक्षिणेला, मनोरीची खाडी ओलांडली की मालवणी, इतकं हे जवळचं आहे. अशा दारूत मिथेनॉल असतं. दिसायला, वासाला ते आपल्या इथेनॉलसारखंच. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं. लक्षणं लगेच येत नाहीत, बारा-चोवीस तासही जातात. पोटात दुखणं, ओकारी, धाप, आणि दृष्टी धुरकट होणं. ‘जास्त झाली, झोपेल आणि उतरेल’ असं म्हणत त्या माणसाला झोपवलं तर वेळ हातातून जातो. रुग्णालयात लवकर पोचलं तर त्यावर उतारा आहे. तेव्हा बाटली परवानाधारक दुकानातली आणि सीलबंदच. ओळखीच्यानं आणून दिलेली, लेबल नसलेली, स्वस्तातली बाटली फळात मिसळली म्हणून निर्धोक होत नाही. आणि घरी गाळण्याचा विचारही नको, तो गुन्हा आहेच.

बर्फाबद्दल दोन वाक्यं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, आणि सहा-सात टक्क्यांच्या पेयात अल्कोहोलनंही मरत नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्याचाच बर्फ लावा.

आता बिनदारूचा ग्लास. यात मिरची फिकी पडते, कारण तिखट उतरवून घेणारी दारूच नाही. नुसती मिरची रसात बुडवून ठेवून काही होणार नाही. म्हणून पाक करतानाच दोन चिरलेल्या मिरच्या त्यात घालून मंद आचेवर पाच मिनिटं उकळा. गरम पाण्यात कॅप्सेसिन थोडं तरी उतरतं. मग गाळून घ्या. दारूमुळे येणारा चटका हवा असेल तर आल्याचा रस अर्धा चमचा घाला, आल्याचं तिखटही त्याच ग्राहकाला जाऊन भिडतं. दारूच्या तीस मिलिलिटरच्या जागी थंड कोकम आगळ पाण्यात पातळ करून घाला. आगळात मीठ असतं, तेव्हा वरचं मीठ वगळा. लिंबूही निम्मं करा. रंग असा येतो की शेजारचा पेगवाला स्वतःचा ग्लास ठेवून याच्याकडे बघतो. दोन्ही ग्लास एकाच आकाराचे घ्या, दोन्हींच्या कडेला मसाला लावा, म्हणजे कोण काय पितंय याची चर्चा होत नाही. फक्त वाटणाऱ्यानं ट्रे वेगळे ठेवावेत आणि दारूच्या ग्लासातच चिरलेली मिरची खोचावी. अदलाबदल झाली तर गाडी चालवणाराच अडकेल.

उरलेला गर बर्फाच्या साच्यात गोठवा, दोन महिने सहज टिकतो. मिरचीचा पाक फ्रीजमध्ये दोन आठवडे, बाटलीवर चिठ्ठी लावून, कारण एखाद्या सकाळी कोणीतरी तो सरबतात घालणार आहे.